यात नवीन काय?

मंगळवार, आसनगाव. संध्याकाळ.

"यात नवीन काय?" अनुदान समितीच्या अध्यक्षांनी आज चष्मा पुसत मला विचारलं. अकरा वर्षं मी ती वेबसाइट चालवतेय. शर्करेच्या रेणूचं नाव टाकलं की त्याचा त्रिमितीय आकार मिळतो, जगभरातले लोक वापरतात. सर्व्हर जुना झालाय, सांभाळायला एक माणूस द्या, एवढंच मागितलं. म्हणे नवीन काय! या शहाण्यांना दरवर्षी नवं बारसं हवं, पोर वाढवायला कुणी नको.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "इहिरीचा गाळ दरसाल काढाया लागतो गो. तवा कोन इचारतो, नवीन काय म्हनून?" तिला साखर चहातलीच ठाऊक, पण अख्ख्या समितीपेक्षा अक्कल जास्त.

आणि सात वाजता अध्यक्षांचाच फोन! उद्या त्यांचं व्याख्यान आहे, चित्रं माझ्याच साइटवरून हवीत, पण आकार येत नाहीयेत. "जरा बघता का?" लाज कशी वाटत नाही? सर्व्हर पुन्हा बसलाय. दहा मिनिटांचं काम. केलं नाही. हा कोतेपणा आहे का? असेल.

साइटच्या पहिल्या पानावर फक्त एक ओळ टाकली: "नवीन काय? बंद आहे."