अझलानच्या सदऱ्याचं कापड

प्रिय अझलान,

तुझ्या खांद्यांचं माप आता किती असेल? मला नाही सांगता येत.

ईद जवळ आली. दरवर्षीप्रमाणे आईने घराला नवे पडदे शिवायला घेतलेत आणि त्याच हिरव्या ताग्यातून सगळ्यांचे कपडे. तुझ्या सदऱ्याचंही कापड तिने बाजूला काढलं. सतराव्या वर्षी तू मासेमारीच्या बोटीवर गेलास, तेव्हापासूनच्या प्रत्येक ईदचं तुझं कापड कपाटात तसंच आहे.

"आता अंगाने भरला असेल गं. पदवीधर ना तू? मग काढ की हिशेबाने माप!" आई मला म्हणाली.

"वीतभर जास्तच धर," बाबा म्हणाले. "खादाड आहे तो."

दोघं हसली. मला हसता आलं नाही. शिकलेल्या माणसाने नीट विचारलं की उत्तर मिळतं, असं मीच त्यांना सांगत आले. परवा तेरेंगानूच्या बंदरावरल्या कचेरीत ते मिळालं. तुझी बोट बुडाली, शोध थांबवला. घरी मी ते अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या खिडकीचा पडदा अपुरा पडत होता. आज सकाळी आईच्या देखत मी तुझं कापड उचललं. तिने मला अडवलं नाही, कात्री माझ्यापुढे सरकवली. मी ते कापून पडद्याला जोडलं.

तुझी ताई,
सुराया