धडधडत्या इंजिनाचे वजन

जळगाव, मंगळवार, फेब्रुवारी १९९४

चालले! पारोळ्याच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर आज मी लिहिलेले फंक्शन, प्रोग्रॅमचा तो छोटा तुकडा, दिवसभर न अडखळता चालले. काट्याकडून कॉम्प्युटरमध्ये येणारे आकडे हिशेबाच्या फॉक्सप्रोला भराभर वाचता येत नाहीत, म्हणून तेवढा भाग मी सी या जलद भाषेमध्ये लिहून, कंपाइल करून फॉक्सप्रोला जोडला. तरी गेल्या आठवड्यात वजन नाचतच राहिले. मालक नाना दुरुस्तीला पुण्याचा माणूस बोलावणार होते. चूक कुठे होती? माझ्या सीमध्ये नव्हतीच. इंजिन! कापसाचे ट्रॅक्टर काट्यावर इंजिन चालू ठेवूनच उभे राहतात, त्याने काटाही थरथरतो. ड्रायव्हरला दटावले, तर म्हणतो, "अक्का, बॅटरी उतरेल शे. बंद करं ते धक्का कोन मारी?" बरोबरच आहे त्याचे. मग इंजिन धडधडत असतानाच भराभर आकडे घेऊन त्यांची सरासरी काढायला फंक्शनला शिकवले. नुसत्या फॉक्सप्रोला हे जमले असते? शक्यच नाही.

संध्याकाळी नानांनी पुण्याला फोन करून 'येऊ नका' सांगितले. वर मला विचारतात, "अक्का, हाई तुम्हना पोऱ्यानी लिखी दिधं का?"

"तो डॉक्टर आहे, नाना. ताप आला तर त्याला बोलवा. काटा नाचला तर मला."