तुझ्या गाण्याला गप्प होणारी माझी पोर

ताई,

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज तू माझ्या पोरीला दत्तक म्हणून कायमची न्यायला येणार आणि हे हो म्हणून बसलेत.

तुझा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. नाटक कंपनीच्या मास्तरांनी तुला फरशी पुसता पुसता गायला लावलं, नाटकात धावत गातानाही दम तुटू नये म्हणून. मला म्हणाले, "तू पोशाख सांभाळ." अजून तू माइक लावत नाहीस. म्हणतेस, शेवटच्या खुर्चीतल्या म्हातारीलाही शब्दन् शब्द कळला पाहिजे.

ते सगळं तुला लखलाभ. पण पोर रडली की माझ्याकडे रडायची थांबत नाही, तू गुणगुणलीस की लगेच गप्प. काल मीही फरशी पुसत तुझं पद म्हणून बघितलं. दुसऱ्या ओळीलाच धाप लागली. हे हसले, "राहू दे गं, तिच्याकडे निदान गाणं तरी शिकेल."

अजून अंगावर पितेय ती, ताई.

हे पत्र तुझ्या हातात देत नाही. उशीवर ठेवून पोरीला घेऊन निघते.

तुझी धाकटी

माझा फोन ह्यांनी काढून घेतलाय. ज्याला हे पत्र सापडेल त्यानं माझ्या दादाला फोन करावा. म्हणावं, आम्ही दोघी येतोय, स्टँडवर घ्यायला ये.