हाकेला धावणारे

ओहो सालादो, न्यू मेक्सिको
११ जून १९७९

प्रिय भगिनी चि. युफेमिया हीस तिबुर्सियोचे अनेक आशीर्वाद.

तुझा क्रेसेन्सियो सुखरूप पोहोचला, हे प्रथम कळवतो, म्हणजे पुढील मजकूर तू शांतपणे वाचशील. तिशी ओलांडलेला माणूस कारखान्यातली नोकरी सोडून मामाची मेंढरे सांभाळायला येतो, ह्याचे मला कौतुक वाटले होते. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे हा कळप त्याच्या हाती जावा ही तुझी इच्छा आहे, आणि माझीही होती. ‘होती’ हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे.

येथे पावसाचे चिन्ह नाही. दुपारी पाण्याच्या पत्र्याच्या टाकीला हात लाववत नाही. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहतात. अशा उन्हात कोयोट पाणी सोडून लांब जात नाहीत, ही विद्या तुझ्या चिरंजीवांना कोणीतरी दिली आहे. सकाळी तो टाकीजवळच्या झुडपात वारा तोंडावर घेऊन बसतो, समोर कर्णा मांडतो आणि टेप लावतो. टेपमध्ये कोयोटच्या पिल्लाचे विव्हळणे आहे. हे दिवस पिल्लांचे. ते ऐकून आई बिळातून धावत येते, मागून बाप येतो, आणि हा गोळी घालतो.

मी कोयोटचा कैवारी नाही, हे तू जाणतेस. लांडग्याच्या ह्या धाकट्या भावाने आपली कोकरे जन्मभर पळवली. कोकरू तोंडात धरलेल्याला मी गोळी घातली आहे आणि नंतर निश्चिंत मनाने प्रार्थनेला बसलो आहे. परंतु मोशेच्या नियमशास्त्राने करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवण्यास मनाई केली. लहानपणी वडील तो नियम सांगत, तेव्हा असले काही कोण करील, असे तू विचारले होतेस. तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या ओसरीवर बंदूक पुसत बसले आहे.

उन्हाळ्यातले कातडे विरळ आणि खरजेचे. ते कोणी फुकटही नेत नाही. तरीही शनिवारी गावातील पेट्रोल पंपापाशी मंडळी प्रेतांचे ढीग लावतात. ज्याचा ढीग मोठा, त्याला कमरपट्ट्याचे चांदीचे बक्कल. मी मीठ आणायला गेलो आणि ते दृश्य पाहिले. उन्हाने पोटे फुगलेली, जिभांवर माश्या. एका मादीच्या आचळांतून गळालेले दूध डांबरावर सुकून पिवळे पडले होते. शेजारीच लोक मांसाची सँडविच खात उभे होते. पंपवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारून, यंदा बक्कल तुमच्याच घरी येणार, म्हणून अभिनंदन केले. मी मीठ न घेताच गाडीत बसलो.

त्या दिवसापासून क्रेसेन्सियोने रांधलेले माझ्या घशाखाली उतरत नाही. तो हात धुतो, हे खरे आहे.

तुझ्या प्रार्थनेत आम्हा दोघांची आठवण असावी. मोठ्याचा लोभ आहेच.

तुझा,
तिबुर्सियो


आल्बुकर्की
१५ जून १९७९

ती. दादांस युफेमियाचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तुमच्या पत्रात मोशे आला की मी चष्मा पुसते आणि खुर्ची ओढून घेते, कारण आता कुणाची तरी खैर नाही हे कळतं.

दादा, त्याचंही पत्र आलंय. मामा ताट उचलून अंगणात जाऊन जेवतात, जसा काही मी महारोगी, असं लिहितो. त्याचं म्हणणं असं, की तोबियास आता म्हातारा झाला, एकट्या कुत्र्याच्यानं एवढा कळप राखवत नाही, म्हणून मी कोयोट कमी करतोय, तर मामांना मीच लांडगा दिसतो. बक्कलाचा मोह त्याला आहे, नाही कशाला म्हणू? त्याच्या वडिलांना पण चकाकणाऱ्या वस्तू आवडायच्या. मी नव्हते का पसंत पडले?

पण ते दुधाचं वाचलं आणि मीही हातातला घास खाली ठेवला. तेवढं त्याला सांगा. समोर बसवून सांगा, आणि रागावून नका सांगू. तुमचा राग शास्त्राला धरून असतो, त्याला समोरच्याला उत्तरच देता येत नाही. आईपासून लांब एकटा राहतोय तिथे, हे मनात असू द्या.

अंजिराचा मुरंबा पाठवते आहे. तो मी केलाय, तेव्हा तो घरात बसून खायला हरकत नाही.

धाकटीवर माया ठेवा, ती कमी पडली तर भाच्यावरची वळती करा.

तुमची,
युफेमिया


ओहो सालादो
२५ जून १९७९

प्रिय भगिनी चि. युफेमिया हीस अनेक आशीर्वाद.

काल सान हुआनचा, पावसाच्या आशेचा सण पाण्याच्या थेंबाविना गेला. तोबियास गेला. तुझ्या मुलाने त्याला मारले.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मी त्याला समोर बसवून, आवाज न चढवता, पिल्लाची हाक वाजवू नकोस असे सांगितले. त्याने ऐकले, हे मी नमूद करतो. ती टेप त्याने माझ्यासमोर चुलीत टाकली. मग आपल्याच गोठ्यातले, काळ्या तोंडाच्या मेंढीचे उशिरा जन्मलेले कोकरू धरून, त्याचा कान पिरगाळून, त्याचे ओरडणे त्याने नव्या टेपवर घेतले. कोकराच्या आवाजाला कोयोट येईल तो खायला येईल, म्हणजे चोरच सापडेल, आई फसणार नाही. मामांचाही मान राहील, असा त्याचा हिशेब. मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

तोबियास कसा वाढला, हे तुला ठाऊक आहे. क्रेसेन्सियोला ते कोणी सांगितले नव्हते, आणि मीही नाही. आजोबांच्या रीतीप्रमाणे तोबियासला डोळे उघडण्याआधी मेंढीच्या आचळाला लावले. त्याला कोणी कुरवाळले नाही, घरात घेतले नाही. मेंढ्या हेच त्याचे गोत. तो पलीकडच्या टेकाडावर कळपाजवळ होता. त्याला आपल्या घरातले मूल रडताना ऐकू आले. ह्या उन्हात, त्या वयात, तो उतार धावत खाली आला. हवा तापून हलत होती. धुळीने भरलेले, मान खाली घातलेले पिवळट जनावर तुझ्या मुलाला लांबून दिसले, आणि त्याने नेम धरला.

त्याने त्याला खांद्यावर घालून घरापर्यंत आणले. सदरा रक्ताने आणि माश्यांनी भरला होता. कुत्र्याला त्याने ओसरीवर सावलीत ठेवले. मग म्हणाला, “मामा, तो सरळ आवाजाकडेच आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

मी म्हणालो, “मग आता कळपाजवळ जा. राखायला दुसरं कोणी उरलेलं नाही.”

तो गेला, आणि अजून तेथेच आहे. मी त्याचा सदरा काठीने उचलून जाळला. युफेमिया, मदतीला धावून येणाऱ्यालाच मारायचे, ह्या विद्येला मी पाप म्हणत नाही. पापाला निदान भूक असते, लोभ असतो. ही केवळ घाण आहे, आणि ती माझ्या दारात आली. कळप मी त्याला देणार नाही. तू त्याला परत बोलावून घे.

परमेश्वर तुझे रक्षण करो.

तिबुर्सियो


आल्बुकर्की
२९ जून १९७९

ती. दादांस सा. न. वि. वि.

तोबियाससाठी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. पाद्रीबाबांनी कोण गेलं विचारलं, मी म्हटलं, घरचा.

दादा, मी त्याला बोलावणार नाही. किळस मलाही आली. पण मी हाक मारली की तो येईल, आणि जन्मभर आईच्या हाकेमागे लपेल. तुम्हाला हाकलायचा असेल तर तुमच्या तोंडाने हाकला. कळप तुमचा, शब्द तुमचा. त्याबद्दल माझं काही मागणं नाही.

तो काय खातो तिकडे, तेवढं कळवा.

तुमची,
युफेमिया


ओहो सालादो
९ जुलै १९७९

प्रिय भगिनी चि. युफेमिया हीस अनेक आशीर्वाद.

तो वाळवलेले मांस खातो आणि टाकीचे पाणी पितो. कळपातले एकही कोकरू कोयोटने नेलेले नाही. मात्र काळ्या तोंडाच्या मेंढीचे कोकरू उन्हाने गेले. तेच, ज्याचा आवाज त्याने घेतला होता.

त्याच सुमारास शेजारीण दोन्या रेफुहियो हिच्याकडून मी कुत्र्याचे पिल्लू आणले होते, डोळे मिटलेले. तेव्हा आजोबांची रीत करणे आले. मी मेलेल्या कोकराचे कातडे सोलले आणि पिल्लाच्या अंगावर बांधू लागलो, म्हणजे वासावरून मेंढी त्याला आपले समजेल. कातड्याला वास सुटला होता. क्रेसेन्सियो पिल्लू धरून बसला होता. त्याने सगळे पाहिले आणि माझ्याकडे न बघता विचारले, “मामा, मेलेल्या लेकराचं कातडं दाखवून आईला फसवायचं, ते चालतं?”

आंधळ्या बापाकडून थोरल्या भावाचा आशीर्वाद घ्यायला हातांवर करडाची कातडी बांधून गेलेला शास्त्रातला धाकटा मुलगा मला आठवला. शास्त्र मला एवढे पाठ आहे, तरी मी कातड्याची गाठच आवळली. माझे हात कोपरापर्यंत क्रेसेन्सियोच्या हातांसारखेच बरबटलेले होते.

मेंढी जवळ येईना. ती कुंपणाच्या कडेने आपले कोकरू शोधत हिंडत होती. त्या उन्हात तिच्यामागे धावलो असतो तर तीही पडली असती. क्रेसेन्सियो उठला, घरातून ते यंत्र घेऊन आला आणि माझ्यापुढे उभा राहिला. मी हो म्हटले नाही. मान दुसरीकडे वळवली. त्याने यंत्र पिल्लाच्या शेजारी ठेवून टेप लावली.

मेलेले कोकरू ओरडले. मेंढी धावत आली. अगदी तोबियास आला असेल तशी. प्रथम तिने यंत्र हुंगले, पुढून आणि मागून. पाय आपटला, डोके मारून ते उलथून टाकले. मग पिल्लाकडे वळून कातडे हुंगले, पुष्कळ वेळ हुंगले, आणि उभी राहिली. पिल्लू आचळाला लागले.

क्रेसेन्सियोने यंत्र बंद केले. म्हणाला, “मामा, तिने आधी वास घेतला.”

मी म्हणालो, “तोबियासनेही घेतला असता.”

तो खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता, असे तू म्हणशील. माझे हात घाण होते, आणि केवळ तेवढेच कारण नव्हते.

कातडे अजून काही दिवस राहील. मग ते उतरवायचे, आणि मेंढी पिल्लाला त्याच्या स्वतःच्या वासाने ठेवून घेते की लाथ मारते, हे पाहायचे. कळपाविषयी त्याआधी मी काही लिहीत नाही. त्याला मी अद्याप जा म्हटलेले नाही.

काल संध्याकाळी त्याने चुलीवर मक्याच्या तोर्तिया भाजल्या. मी ताट घेऊन अंगणात निघालो, दारापाशी थांबलो, आणि परत येऊन बसलो. अर्धी खाल्ली, तुझ्या मुरंब्याशी. पुढे जाईना. उरलेली अर्धी त्याने न विचारता माझ्या ताटातून उचलून खाल्ली.

तुझा लोभ आहे, तो असाच उरू दे.

तुझा वडील भाऊ,
तिबुर्सियो