बाबांना शंख दाखवला

गुडगाव, ११ नोव्हेंबर १९९६

आज संध्याकाळी शेवटचं खोकं उघडलं. करोलबागेचं घर सोडून इथे सातव्या मजल्यावर येऊन दोन महिने झाले, तरी बाबा रोज विचारतात, "घरी कधी जायचं?" खोक्यात त्यांचा तो पांढरा शंख निघाला. रुपयाएवढा, वेटोळ्याचा, फुंकर मारली तर उडेल इतका हलका. वाटलं, हा तरी ओळखतील. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंय त्यांनी.

त्यांच्या तळहातावर ठेवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे काय आहे?"

मीच सांगितलं, लहानपणी ते मला सांगायचे तसंच. हा एका छोट्या माकुलाचा शंख. तो अंगाबाहेर नसतो, आत असतो, त्यात हवेचे कप्पे असतात. प्राणी खोल समुद्रात राहतो. तो मेला की शंख तेवढा तरंगत किनाऱ्याला लागतो. बाबांना तो एकदा जिवंत बघायचा होता, ते मात्र मी बोलले नाही. का नाही बोलले?

बाबा पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते.

"फार छान समजावता तुम्ही," ते म्हणाले. "कोणाकडे शिकलात?"

तुम्ही. जन्मभर मला 'अगं' म्हणत आले ते.

"माझ्या वडिलांकडे," मी म्हटलं.

"अच्छा. आहेत का ते?"

"आहेत," म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.