व्हॉल्व्हवरचं कुंकू

गिरगाव,
१२ जुलै २०२५

चि. हितेंद्र यास,
अ. उ. आ.

हवा दिसत नाही म्हणून तिला मऊ समजू नये, असं बाबा मला म्हणाले होते. दहा वर्षांची असताना मी रंगाच्या स्प्रे-गनच्या तोंडापुढे बोट धरलं होतं, तेव्हा. काल तुझी ऋता पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि तेच आठवलं.

फोनवर आपण एकमेकांचं ऐकण्याआधीच ओरडतो, म्हणून लिहिते. कॉम्प्रेसरच्या सेफ्टी व्हॉल्व्हवरचं बाबांच्या हातचं कुंकू तिनं खरवडलं, म्हणून तू तिला गणपतीच्या कारखान्यातून घालवलंस. का खरवडलं, हे विचारलंस? त्याची कडी अधूनमधून ओढून बघायची असते म्हणे. तिनं ओढली, तर हलेना. टाकीत हवा जास्त झाली तर बाहेर पडायला वाटच नाही! मशीन बंद करून, टाकी रिकामी करून मगच तिनं हात लावला. दर दसऱ्याला तेल-कुंकवाचं बोट आपण नेमकं त्या चकचकीत पितळेवर टेकवत आलो. त्यात मीही आले.

गणपती दीड महिन्यावर, आणि मूर्तिकाराची लेक माझी भांडी घासतेय. राग ठेव, पण लोभ त्याहून बोटभर जास्त ठेव.

तुझी,
सुचित्राताई

लालबाग,
१७ जुलै २०२५

ती. सुचित्राताईस,
शि. सा. न.

पत्र वाचून आधी चिडलो. मग कोणी नसताना कडी ओढून पाहिली. जाम! रघु मेकॅनिक आला. म्हणाला, हा साफ करून भागणार नाही, बदलाच. इतकी वर्षं बाप्पानंच सांभाळलं तुम्हाला. नवा बसवला. टाकीखालचा नळ सोडला, तर अर्धी बादली गंजकं पाणी. रोज सोडायचं असतं ते. तेच हवेबरोबर रंगात जायचं, आणि रंगावर फोड येतात म्हणून मी दोन वर्षं रंगवाल्याशी भांडतोय. आता त्याला तोंड कसं दाखवू?

जुना व्हॉल्व्ह बाबांच्या फोटोखाली ठेवलाय. खाचेत थोडं कुंकू अजून आहे.

पण ताई, ऋता कारखान्यात नको. कुंकू हे निमित्त होतं. बाबा तोंडाला ओला रुमाल बांधून रंगवायचे. शेवटी त्यांचा श्वास कसा वाजायचा, तू ऐकलायस. तो आवाज मला पोरीच्या छातीतून ऐकायचा नाही. बापानं चूक कबूल केली, एवढंच तिला सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हितेंद्र

गिरगाव,
२२ जुलै २०२५

चि. हितेंद्र यास,
अ. उ. आ.

एवढंच सांगणार होते, पण तिनं पत्रच ओढून घेतलं. वाचलं, मोरीत जाऊन तोंड धुऊन आली आणि पिशवीतून मास्क काढला. दोन्ही गालांशी फिल्टरचे डबे. घातला की मुंगळ्यासारखी दिसते. मलाही बसवला. डबे तळहातांनी झाकून श्वास ओढायला लावला. रबर गालांना चिकटलं, म्हणजे फट नाही. मग तिनं नेलपॉलिशची बाटली उघडून समोर धरली. काही म्हणजे काही वास आला नाही. तेव्हा मला बाबा आठवले, आणि पहिल्यांदाच रडू आलं नाही.

मागच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा हवा, असं ती म्हणते. टाकीखालच्या नळाचं पाणी रोज आपणच सोडू, असंही.

रविवारी तिला घेऊन येते. तुझ्यासाठीही एक मास्क आणलाय. दाढी करून बस, नाहीतर तो नीट बसणार नाही. एका मूर्तीचं पीतांबर तिला रंगवू दे, तू शेजारी उभा राहा. नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी एक मूर्ती पांढरी ठेव.

तुझी,
सुचित्राताई