रुखसारला पाठवू नका

प्रिय हाशिम,

अब्बाचा सलाम आणि दुआ. तू दर रविवारी फोन करतोस, तरी हे कागदावर का, असं तुला वाटेल. फोनवर मी तोंड उघडायच्या आत तू "सगळं ठीक आहे अब्बा" म्हणतोस आणि मग मला विचारायला काही उरत नाही. पत्राला मध्येच अडवता येत नाही. घरात आपण कोकणी बोलतो, नमाज अरबीत पढतो, पण लिहायचं म्हटलं की मला जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी शिकवलेली मराठीच येते. रोह्याचा कुरिअरवाला म्हणतो, जर्मनीला आठवड्याभरात पोचेल.

इकडे रोजे सुरू आहेत. वाल झोडून झाले, यंदा शेंगा बऱ्या भरल्या होत्या. तुझी अम्मी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर अंगणात वाल निवडत बसते आणि निवडता निवडता मला कामं सांगते. तुझे मोठे अब्बा गुडघ्यामुळे मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढतात. खुर्ची कोणी पुढे केली तर त्यांना राग येतो, म्हणून ती आधीच ठेवून आपण लांब उभं राहायचं. रुखसार अजून डोलवीला कंपनीत जाते. बस नागोठण्याला येते, तिथपर्यंत मी तिला मोटारसायकलवर सोडतो. मध्यंतरी वाटेत ती बोलत नव्हती. पूर्वी बोलायची.

तिचं बोलणं कधी बंद झालं ते तुला ठाऊक आहे. तुझ्याच युनिव्हर्सिटीत तिला प्रवेश मिळाल्याचं कळलं आणि दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला: रुखसारला पाठवू नका. थंडी फार आहे, खोल्या मिळत नाहीत, डोलवीची नोकरी चांगली आहे, ती सोडायला लावू नका. आपल्याकडे जो आधी बाहेर गेला त्याचा शब्द पुढच्या जाणाऱ्याच्या बाबतीत शेवटचा मानतात. माझे आजोबा बोटीवर होते तेव्हापासून हे चालत आलंय. ज्यानं पाहिलंय त्याला न पाहिलेल्यानं काय विचारायचं? त्यामुळे मी तिला पाठवतो असंही म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. तिनं एकदाच विचारलं, "भाईनं कारण काय सांगितलं?" मी म्हटलं, थंडी. ती म्हणाली, "मग त्याला थंडी वाजत नाय वाटतं." तुझी अम्मी तुझ्या बाजूची. म्हणाली, "तो तिथं ऱ्हातोय, तू नाय. शहाणपणा नको शिकवू गो." त्यावर रुखसार उठून भांडी घासायला गेली आणि त्या दिवशी भांडी फार आवाज करत होती.

मग नाताळच्या सुट्टीत रितेश आला. तुझं पाकीट द्यायला रामवाडीहून मुद्दाम रोह्याला आला, भला मुलगा आहे. अम्मीनं त्याला घावणे वाढले. तो तुझ्याच खोलीत राहतो, तेव्हा आम्हाला सगळं माहीत असणार असं त्यानं धरलं होतं. त्यामुळे त्यानं काही लपवलं नाही, आणि आम्हीही आम्हाला माहीत नाही असं दाखवलं नाही. त्याच्यावर रागावू नकोस. त्याला कळलंच नाही की तो काही सांगतोय.

सुरुवात सोड्यांपासून झाली, अम्मीनं पाठवलेल्या सुक्या कोळंबीच्या. "काकी, तुमच्या सोड्यांनी आमची अब्रू घालवली," म्हणाला. तू सोड्यांचं कालवण केलंस तेव्हा खालच्या म्हाताऱ्या बाईला गॅस गळतोय असं वाटून तिनं गॅस कंपनीला फोन केला, आणि यंत्र घेऊन आलेला माणूस पातेल्यावर यंत्र धरून उभा राहिला. अम्मी हसून हसून पदरानं डोळे पुसत होती. नंतर म्हणाली, "मग यंत्र काय बोललं?" रितेश म्हणाला, "यंत्र गप्प, काकी. माणूसच खोकला."

मग एकेक येत गेलं. उजाडायच्या आधी तू पार्सलच्या गोदामात जातोस, हातात ते खोक्यावरचा नंबर वाचणारं यंत्र, समोरून खोकी सरकत येतात. तिथून कपडे न बदलता ट्रामनं थेट वर्गात. मागच्या बाकावर हीटरजवळ बसलास की डोळे मिटतात, म्हणून आता तू खिडकीजवळच्या गार जागी बसतोस. दुपारी विद्यार्थ्यांच्या खाणावळीत भात आणि भाजी, कारण मटण हलाल नसतं. मग प्रयोगशाळा. एका नळीतून गरम पाणी, दुसरीतून थंड, आणि किती उष्णता इकडून तिकडे गेली ते मोजत उभं राहायचं. घरी आल्यावर जिना झाडायची पाळी असते. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा, चुकला तर तीच म्हातारी पिशवी परत दाराशी आणून ठेवते. रविवारी दुकानं बंद आणि आवाज करायचा नाही, म्हणून कुकरची शिट्टीही शनिवारीच.

खोली एकाची आहे आणि राहता दोघं, मध्ये कपाट. छप्पर उतरतं असल्यानं सरळ उभं राहून नमाज पढता येईल अशी एकच जागा, ती रितेशच्या बाजूला. तू हातपाय धुऊन, वजू करून आलास की तो काही न बोलता चहा ठेवायला जातो. हे त्यानं सांगितलं तेव्हा मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी त्याला सांगितलं नाही, फक्त आणखी एक घावणा वाढायला सांगितला. फोनवर तुझ्यामागे दिसते ती पांढरी भिंत खोलीची नव्हेच, वाचनालयाच्या बाहेरची आहे, हेही त्याच्याच बोलण्यात आलं. तो म्हणाला, तिथं उजेड चांगला येतो. मी म्हटलं, हो, उजेड चांगला असतो.

तो गेल्यावर मी बराच वेळ अंगणात बसलो. मला वाईट वाटलं असं तू समजू नकोस. मला मोठे अब्बा आठवत होते. थोरला भाऊ म्हणून ते कुवेतला माझ्या आधी गेले, हे तुला माहीत आहे. माझी जायची वेळ आली तेव्हा त्यांनीही कळवलं होतं, मुरादला पाठवू नका, इथल्या उन्हात तो टिकायचा नाय. मी दुसऱ्या एजंटाकडून गेलोच. एकाच शहरात होतो आम्ही. दर शुक्रवारी जुम्म्यानंतर मशिदीच्या भिंतीशी भेटायचो. ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, मला चहा पाजायचे, घरच्या गोष्टी व्हायच्या आणि ते बसनं परत जायचे. कुठे राहतात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एका शुक्रवारी ते आले नाहीत. मी विचारत विचारत त्यांच्या कंपनीच्या कामगार कॅम्पवर पोचलो. तापानं वरच्या खाटेवर पडले होते. मला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. खालच्या खाटेवरच्या केरळच्या माणसानं मला बसायला जागा दिली, चहा दिला. ती खोली माझ्या खोलीसारखीच होती. तेवढीच माणसं, तशाच दोरीवर तसेच कपडे. मीही त्यांना माझ्या खोलीवर कधी नेलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी उभे होते आणि आम्ही शेतीबद्दल बोललो. आज ते शेजारच्या घरात राहतात, रोज मगरिबला सोबत रोजा सोडतो, पण त्या खोलीबद्दल आम्ही दोघांनी आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. उन्हात मी टिकलो. आता वाटतं, त्यांची अडचण माझं टिकणं ही नव्हतीच.

तुझ्या निरोपातली थंडी मी त्या दिवशी अंगणात बसल्या बसल्या समजलो. म्हणून तुझा शब्द मानायचा की नाही हा प्रश्न माझ्यापुरता तिथंच सुटला. रुखसारला मी नागोठण्याला बसमध्ये बसवताना सांगितलं की व्हिसाचं बघ. तिनं नुसती मान हलवली. पण त्या दिवसापासून वाटेत पुन्हा बोलायला लागली. गाडीवर मागे बसून काय बोलते ते मला वाऱ्यात निम्मं ऐकू येत नाही, तरी मी व्हय व्हय करतो.

व्हिसा झाला. तिचा वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतो, म्हणून तिकीट ईद झाल्यावरचं काढलं होतं. ते तिनं बदललंय, आणि हे पत्र त्यासाठीच लिहितोय. रितेश जाताना दारात चपला घालताना सहज म्हणाला होता, "काका, मार्चअखेर त्याची तिसरी वेळ आहे, दुआ करा." अम्मी तेव्हा आत होती. माझ्या नीट लक्षात आलं नाही असं वाटून त्यानं समजावून सांगितलं, की तो उष्णतेचा विषय तुझा दोनदा राहिलाय आणि तिसऱ्यांदा राहिला तर युनिव्हर्सिटी नाव काढून टाकते. रुखसार चहाचे कप उचलत होती. त्या विषयात तिला लोणेऱ्याला कॉलेजात सगळ्यांत जास्त मार्क होते, ते तुला माहीत आहे, म्हणूनच तू तिला विचारलं नाहीस. पुढे दोन महिने तिनं तो विषय काढला नाही, आणि परवा इफ्तारनंतर सांगितलं की ईदच्या आधीच्या शनिवारी निघते. अम्मी म्हणाली, "ईद करून जा गो, चार दिसांनी काय व्हतंय?" ती म्हणाली, "चार दिसांत दोन धडे व्हतात अम्मी, आणि तो एकटा बसलाय." अम्मीला तेव्हा पहिल्यांदा परीक्षेचं सगळं कळलं. ती हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली, "मग परवाच का गेली नायस?" रितेशशी रुखसारनं बोलून ठेवलंय, परीक्षेपर्यंत तो मित्राकडे राहायला जाईल. तेव्हा तिला घ्यायला स्टेशनवर जा आणि तिथून सरळ खोलीवर ने, दुसरीकडे कुठे बसवू नकोस. ईद तुम्ही दोघं तिथंच करा. पेपराचं काय होईल ते अल्लाह जाणे. राहिला, तर तू रोह्याला घरी ये आणि तिला तिथं शिकू दे. सुटला, तर दोघं शिका. माझी दोन्हीची तयारी झाली आहे. अम्मीचीही होतेय.

तुझाच,
अब्बा